घर, काळा पडदा आणि माझे नाव

मी, भारती उत्तमराव शिरसाठ, वय वर्षे अडुसष्ट, लष्कराच्या भांडारातून संगणक चालक म्हणून निवृत्त, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून आणि स्वतः तपासून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना त्याबद्दल शंका येईल त्यांची नावे पुढे येतीलच. कोणाच्या दबावाखाली मी हे लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणण्याइतका दम या घराण्यात कोणात असता तर बरेच झाले असते. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. माझा पुतण्या हर्षल लोकांचे कॉम्प्युटर खोलताना हेच वाक्य म्हणतो, म्हणून हा कागद करून ठेवलेला बरा.

यातली मुख्य गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगते. माझे पती उत्तमराव यांनी आत्मचरित्र लिहिले आहे, ते त्यांना छापायचे आहे, आणि त्यात मी नावानिशी कुठेही नाही. बाकीची वाटणी करतेच, पण ती जाता जाता करण्याची कामे आहेत.

कलम एक. भिंगारचे राहते घर माझ्या पगारावर कर्ज काढून घेतले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी उत्तमरावांना देते. या कलमाला कोणतीही अट नाही. माणूस कसाही असला तरी त्याच्या डोक्यावर छप्पर हवे. चिरंजीव ओंकार याने वडिलांना ‘एकटे कसे राहणार’ म्हणून पुण्याला नेऊ नये. नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला त्याने पगारी माणूस ठेवावा, तेवढी त्याची ऐपत आहे.

कलम दोन. माझे दागिने सूनबाई रुपाली हिला. ओंकारला कोल्हारच्या शेतातला माझा हिस्सा, आणि त्यासोबत दोन कळा: टॅब आणि वरचा बाण. ओंकार पुण्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हे तो घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत सांगतो. काळ्या पडद्यावर, म्हणजे जिथे चित्रे नसतात आणि हुकूम टाइप करावा लागतो तिथे, तो फाईलचे लांबलचक नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत लिहीत बसतो, मधे चुकतो आणि मशीनला शिव्या देतो. बाळा, दोन-तीन अक्षरे लिहून टॅब दाब, उरलेले नाव मशीन लिहिते. आधीचा हुकूम पुन्हा हवा असेल तर वरचा बाण दाब. आपले काम दुसऱ्याने पुरे करून द्यावे, ही सवय तुला लहानपणापासून आहेच. ती निदान इथे उपयोगी पडेल.

गेल्या दिवाळीत त्याला सगळ्या फोटोंच्या नावांपुढे ‘दिवाळी’ जोडायचे होते. सकाळी बसला तो एकेका फोटोवर टिचक्या मारत जेवणाची पाने घेतली तरी उठला नाही. मी म्हटले, “सरक.” आणि एक ओळ लिहिली:

for f in *.jpg; do mv "$f" "diwali-$f"; done

पानात वाढलेला भात गरम होता तोवर काम संपले होते. ओंकार म्हणतो कसा, “आई, हे आता कोण वापरतं? सगळं क्लिकवर आहे.” पदवीला एवढा खर्च केला तो टिचक्या मारण्यासाठी, हे मला ठाऊक असते तर मी कोल्हारला एक गोठा बांधला असता. अवतरणचिन्हे विसरू नकोस, तुझ्या फायलींच्या नावांत मोकळ्या जागा फार असतात.

कलम तीन. पुतण्या हर्षल, भिंगारच्या बाजारात मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान. याला रोख काही नाही. हर्षलला रोग कोणताही दाखवा, औषध एकच. मशीन सावकाश चालते? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. माऊस मेला तरी फॉरमॅट. भिंगारमधल्या किती लग्नांचे फोटो आणि किती पोरांचे बायोडाटा त्याने पुसले असतील याची गणती देवाकडे. आमच्या मशीनवर एकदा ‘जागा संपली’ असे आले, तेव्हा उत्तमरावांनी माझ्या चोरून त्याला बोलावले.

“काकू, ह्यात तर विंडोच न्हाई!” हर्षल किंचाळला.

“म्हणून तर चालतोय.”

“आवो पण भरलाय ना फुल्ल. फॉरमॅट मारावं लागंल. लई येळ न्हाई लागत.”

मी त्याला उठवले आणि df -h लिहिले: कोणती डिस्क किती भरली ते दिसते. मग du -sh * | sort -h लिहिले: कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दिसते, सर्वांत खादाड शेवटी. शेवटी होते उत्तमरावांचे फोल्डर, सुप्रभातच्या चित्रफितींचे. गुलाब, सूर्य, वाफाळता चहा आणि सुविचार. ते मी rm -r ने काढले. या हुकुमाला कचऱ्याची टोपली नसते, गेले ते गेलेच, म्हणून आधी pwd लिहून आपण नेमके कुठे उभे आहोत ते पाहावे. हर्षलने ते पाहिले नाही, तो उत्तमरावांकडे पाहून हसत होता. त्याला मी man हा शब्द देते. कोणत्याही हुकुमाआधी तो लिहिला की त्या हुकुमाची सगळी माहिती पडद्यावर येते. वाचायची तयारी मात्र स्वतःची लागते, ती मी देऊ शकत नाही. माझ्या पश्चात हर्षलने या मशीनला हात लावू नये.

कलम चार. चौकात माझा फ्लेक्स लावू नये. पाठीमागे उगवता सूर्य आणि खाली शोकाकुल म्हणून गल्लीतल्या होतकरू पुढाऱ्यांचे गॉगल, हे मी मेले तरी सहन करणार नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील रोहिणी गाडेकर यांनी करावी. माझ्या ओळखीत न सांगता फाईलची दुसरी प्रत काढून ठेवणारी ती एकच बाई आहे.

कलम पाच. आता उत्तमरावांचे आत्मचरित्र, नाव ‘लेथवरचे दिवस’. उत्तमराव नागापूरच्या एमआयडीसीत पंपाचे भाग करणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यापासून ते हे पुस्तक एका बोटाने टाइप करत आहेत. एक बोट लेथने, म्हणजे लोखंड कातणाऱ्या यंत्राने, नेले हे खरे, पण नऊ शिल्लक होती. जाडजूड सॉफ्टवेअरमध्ये त्यांची पाने रोज हरवत, म्हणून मीच त्यांना साधी फाईल करून दिली, lathe.txt. रोज संध्याकाळी cp ने तिची प्रत पेन ड्राइव्हवर मी घेत आले. पुस्तक आहे ते माझ्यामुळे, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

पुस्तक पुरे झाल्यावर ते म्हणाले, “वाच की.” एवढे पान-पान कोण वाचतो? फाईलमध्ये हवा तो शब्द शोधायला grep असतो. मी लिहिले:

grep भारती lathe.txt

पडद्यावर भारतीय रेल्वे आली. भारतीय क्रिकेट संघ आला. भारतीय बनावटीची एक ड्रिल मशीन आली. आणि मी? कुठेच नव्हते. मग मी लेथ शोधला, तर ओळी थांबेनात. त्या लेथला त्यांनी ‘लक्ष्मी’ म्हटले आहे. लोखंडाच्या ठोकळ्याला नाव आहे, आणि ज्या बाईने जन्मभर त्यांच्या शर्टाची बटणे लावली तिला नाही! मला संताप आला आणि रडूही आले, दोन्ही लिहून ठेवते.

मी तडक विचारले. ते व्हरांड्यात शेंगा फोडत होते.

“तुमच्या चरित्रात मी का नाही?”

“न्हाई कशी? समद्या पुस्तकात तूच हायेस.”

“माझं नाव एकदाही नाही.”

“आता नाव कसं लिव्हायचं? बायकूचं नाव कुनी चारचौघांत घेतं व्हय? आमच्या आन्नानं तरी आईचं कदी घेतलं हुतं?”

“मग लिहिलं काय?”

“ओंकारची आई,” ते म्हणाले आणि शेंग सोलू लागले.

मी आत येऊन ‘ओंकारच’ एवढेच शोधले. ओळी धावत सुटल्या. पुढे | less जोडावे लागले, त्याने एकेक पान थांबून वाचता येते. शोध माझा बरोबरच होता. माणूस असा निघाला.

मग मी वाचत बसले. ‘संपाच्या दिवसांत काम नव्हते, तरी ओंकारच्या आईने रोज डबा भरून दिला, म्हणजे गल्लीत कोणाला कळू नये. मी तो स्टेशनच्या बाकावर बसून खात असे आणि कामावरून आल्यासारखा घरी येत असे.’ ‘बोट गेले त्या दिवशी ओंकारची आई रडली नाही. मला म्हणाली, अंगठी दुसऱ्या हातात घाला.’ आणि हे: ‘मी मुलगी बघायला गेलो तेव्हा ओंकारच्या आईने केलेले पोहे खारट होते, पण मी दोनदा मागून घेतले.’ ओंकारचा तेव्हा पत्ता नव्हता! मी विशीतली पोर होते, कोणाची आई नव्हते, तरी या गृहस्थांना माझे नाव लिहवले नाही. एवढे सगळे लक्षात ठेवायचे आणि नावापाशी लाजायचे, याला भित्रेपणा म्हणतात. मर्यादा वगैरे म्हणू नये. पोहे खारट नव्हते.

कलम सहा. माझ्या मुदत ठेवीतून हे पुस्तक छापावे, अशी माझी इच्छा आहे. अट एकच. छापण्याआधी उत्तमरावांनी स्वतः मशीनपुढे बसावे. त्यांना काही पाठ करायला नको म्हणून मी एका लांब हुकुमाला छोटे नाव देऊन ठेवले आहे, त्याला alias म्हणतात. त्यांनी naav एवढी चार अक्षरे लिहून एंटर दाबायचे. पुस्तक उघडेल आणि पुढची ओळ आपोआप चालेल:

:%s/ओंकारच्या आई/भारती/gc

‘ओंकारची आई’साठीही तशीच दुसरी ओळ मागोमाग चालेल. शेवटी :wq लिहून बाहेर पडावे. बाहेर पडता येत नाही म्हणून प्लग ओढू नये, पूर्वी ओढला आहे.

सगळ्या जागा एका दमात बदलणे मला अवघड नव्हते. त्या ओळीतला शेवटचा सी मी मुद्दाम घातला आहे. त्याच्यामुळे मशीन प्रत्येक ठिकाणी थांबते, ते वाक्य दाखवते आणि विचारते, इथे भारती लिहू का? हो असेल तर वाय दाबायचा. प्रत्येक वेळी आधी ते वाक्य वाचायचे, माझे नाव तोंडाने घ्यायचे, मोठ्याने, आणि मग वाय. खोलीत कोणी नसेल, चारचौघांचा प्रश्न नाही.

ए दाबला तर उरलेल्या सगळ्या जागा न विचारता बदलतात. उत्तमराव, ए दाबायचा नाही. तुम्ही दाबलात तर रोहिणीला कळणार नाही, ओंकारला कळणार नाही, मला तर नाहीच. पण मग ते पुस्तक छापून हातात आले की तुम्ही मला एकदाही हाक मारलेली नसेल, आणि ऐकायला मी नसेन.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही करत आहे. त्यांनी माझी सही पाहिली, मी त्यांची पाहिली.

लिहून ठेवणार: भारती

साक्षीदार:
१. पुंजाराम भाऊसाहेब कदम, शेजारी, भिंगार (सही)
२. डॉ. सूर्यभान विठ्ठल आंधळे, भिंगार (सही)

ठिकाण: भिंगार
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६