कोरियातले बाप

आबा, हल्ली मी दिवसभर कोरियन मालिका बघते. कोरिया कुठे आहे ते तुम्हाला समजावत बसत नाही; चीनच्या पलीकडे, एवढं पुरे. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. तिने जळगावातल्या मेहरूणच्या या घरात मोठा टीव्ही बसवून दिला आणि म्हणाली, "आई, काहीतरी बघत जा, नुसती भिंतीकडे बघत बसू नकोस." आधी तिने हिंदीत लावून दिलं होतं. पण हिंदीत तिथले सगळे बाप एकाच आवाजात बोलतात, म्हणून मी त्यांच्याच भाषेत लावते आणि खाली इंग्रजी अक्षरं येतात ती वाचते. फार भरभर पळाली की थांबवते, वाचते, पुढे जाते. बारावीपर्यंत शिकवलंत ते असं कामाला आलं. सून होते तेव्हा रेडिओचा कान पिळायचीसुद्धा मला सोय नव्हती. आता रिमोट माझ्या हातात असतो आणि तो मागायला घरात कुणी नाही.

सगळ्या तऱ्हेच्या मालिका बघून झाल्या, त्यामुळे मला मत द्यायचा अधिकार आहे. प्रेमाच्या मालिका सगळ्यात कंटाळवाण्या. त्या दोघांनी एकमेकांचा हात हातात घेईपर्यंत माझी मेथीची जुडी निवडून होते, लसूण सोलून होतो. त्यातला नायक एकदा तरी तिचं मनगट धरून तिला ओढत नेतो आणि मागे गोड संगीत वाजतं. हे मला अजिबात खपत नाही. माझंही मनगट धरून ओढलं जायचं आबा, आणि मागे फक्त बांगड्या फुटल्याचा आवाज यायचा. श्रीमंत घरातली सासू होणाऱ्या सुनेच्या तोंडावर पेल्यातलं पाणी फेकते, त्यावर तिकडचे लोक म्हणे फार चिडतात. मला हसू येतं. पाणीच फेकते बिचारी! आणि कुणाला तरी ट्रक धडकतो नि मागचं सगळं विसरायला होतं, हे तर दर मालिकेत. इतकी वर्षं मी जळगावच्या रस्त्यांनी चालते आहे, असा एखादा ट्रक मला कसा भेटला नाही?

राजांच्या काळातल्या मालिकांत टोपीवाले मंत्री रांगेत बसून कटकारस्थानं करतात, कपडे मात्र बघत राहावे असे. कोर्टाच्या बऱ्या असतात, पण तिथे खरं बोलणारा शेवटी जिंकतोच, त्यामुळे माझा विश्वास बसत नाही. भुताखेतांच्या मी आवडीने बघते. त्यांत मेलेली माणसं उठून जिवंतांच्या मागे धावतात, आणि मला वाटतं, मेल्यावर का होईना, आली तरी. सगळ्यात आवडत्या म्हणजे सूड घेण्याच्या. बाई सगळं गिळून वर्षानुवर्षं गप्प राहते आणि मग एक दिवस चांगलासा कोट घालून दारात येऊन उभी राहते. त्यांतही एक खोट आहेच. शेवटी सगळे दुष्ट लोक तिच्यासमोर गुडघे टेकून माफी मागतात. आपल्या दोंडाईचात कुणाला गुडघे टेकताना पाहिलंय का तुम्ही? मी तर नाही पाहिलं.

पण घरगुती मालिका लागली की माझं डोकं फिरतं, ते त्यातल्या बापांमुळे. कुठून आणतात हो असे बाप? लेक शहरातून यायची असते तर हा आधीच स्टँडवर जाऊन उभा. बस येते, ती उतरते, हा काही विचारत नाही. का आलीस, एकटीच का, किती दिवस राहणार, काही नाही. तिच्या हातातली पिशवी घेतो आणि घरी चल म्हणतो. लेकीचा पाय दुखत असला तर हा म्हातारा तिला पाठंगुळी घेतो! मी टीव्हीसमोर मोठ्याने म्हणते, खोटारडे मेले. शेजारीण विचारते, कुणाशी भांडता? काय सांगू तिला? तुमच्याशी भांडते.

कारण मलाही तो रविवार आठवतो. लग्नाला वर्ष होत आलं होतं. जळगावहून पॅसेंजरने निघाले, बरोबर एक पिशवी, कुणाला न सांगता. दोंडाईचाला उतरले तेव्हा बाजाराच्या बाजूने मिरचीचा झोंबरा खाट येत होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसलं तरी हरकत नव्हती. आपल्या दारात चपलांचा ढीग पडला होता. मला वाटलं, कुणाचं काही झालं की काय. पण रविवारची मालिका लागली होती. गल्लीत टीव्ही फक्त आपल्याकडेच, म्हणून ओटीवर निम्मी गल्ली बसलेली आणि भाऊ वर धाब्याच्या छतावर अँटेना फिरवत ओरडतो आहे, "आलं का?" मी दारात उभी राहते. तुम्ही मान वळवता, मला बघता, माझ्या पिशवीकडे बघता. आणि म्हणता, "बठ. हाई सरू दे."

मी बसले. त्या मालिकेतली पोर सासरचा छळ सोसून, ट्रंक घेऊन बापाच्या दारात आली होती आणि बाप तिला म्हणत होता की तुझं घर आता तेच. तिने दार ठोठावलं, त्याने उघडलं नाही. बायका हुंदके देत होत्या. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून डोळ्यांना लावलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कसा बाप शे हाऊ!" आबा, त्या एका वाक्यावर माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, आता काही बोलायची गरजच नाही.

लोक आपापल्या चपला घालून गेले. शेजारच्या आजीने जाता जाता विचारलंच, "पोर एकलीच उनी का?" स्वयंपाकघरात आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात ठेवला. माझा पदर सरकला तेव्हा तिने पाठीवरचे नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ पाहिले आणि तव्याकडे तोंड फिरवलं. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे होतात. आत न येताच म्हणालात, "अशी बिगर मूयनी येवानं नही. लोके काय म्हनतीन? आखाजीले मूय धाडसू." दुपारच्याच गाडीने भाऊ मला परत जळगावला पोचवून आला. ताट मी अर्धंच टाकून उठले होते.

मूय म्हणजे मूळ, आणि ते काय, हे माझ्या मुलीला समजावून सांगावं लागतं. लेकीला सणाला घेऊन जायला माहेरचा माणूस येतो, त्याला मूळ म्हणतात, आणि तो आल्याशिवाय आमच्यात लेकीने पाऊल उचलायचं नसतं. ती म्हणते, फोन करून निघायचं ना सरळ! त्या वर्षी आखाजी, मुलीच्या भाषेत अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी आमच्या गल्लीतली एकेक सून जायला लागली. कुणाचा भाऊ आला, कुणाचा काका. जाताना त्या मला विचारायच्या, तुझं मूळ कधी? मी पिशवी भरून दाराआड ठेवली होती. आखाजीच्या दिवशी सासूने माझ्या हातूनच पुरण वाटून घेतलं. झोके बांधलेले दिसत होते, गाणी ऐकू येत होती, आणि मी दाराच्या कडीकडे कान लावून पाटा धूत होते. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मी स्वतःची समजूत घालत राहिले की तुम्हाला कळलंच नसेल. आबा साधा माणूस, आईने सांगितलं नसेल, पुरुषांना कुठे दिसतं. त्या समजुतीवर मी संसार रेटला, मार खाल्ला, मुलगी वाढवली. मग तुम्ही गेलात. तेराव्याला भाऊ रडता रडता बोलून गेला, "मी निघालो होतो गं तुला घ्यायला, पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत गेलो होतो. आबांनीच परत बोलावलं. म्हणाले, आणली तर ती परत जायची नाही." म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं! कळलं होतं म्हणूनच तुम्ही मूळ धाडलं नाही. ते ऐकल्यापासून मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

कोरियातही मेलेल्यांना पान वाढतात. फळं रचतात, भात ठेवतात आणि सगळे वाकून नमस्कार करतात. आपली आखाजीला पितरांसाठी भरायची घागरच म्हणा ना. तुमची घागर भाऊ भरतो, वर डांगराचं फळ ठेवतो, सांजोऱ्या ठेवतो. दरवर्षी फोन करून म्हणतो, "अक्का, ये ना." मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. खरं तर माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला न्यायला कुणी आलेलं नाही, एवढंच. फोन म्हणजे मूळ नव्हे, तुमच्याच शिकवणीप्रमाणे.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तेव्हा एक सांगून टाकते. आखाजीच्या आदल्या दिवशी मी न्हाते, पिशवीत दोन लुगडी भरते आणि टीव्ही लावून बसते. त्या दिवशी त्याचा आवाज पार बंद ठेवते. खालची अक्षरं वाचायची असतात, त्यामुळे काही अडत नाही. दाराला बेल बसवलेली आहे, पण आपल्याकडचा माणूस आला तर तो कडीच वाजवणार, आणि ती ऐकू आली पाहिजे.