डाव्या हाताची मूठ

१२ नोव्हेंबर, मंगळवार
केस संपली! वकीलसाहेबांचा फोन — भरपाई मंजूर, आता धुळ्याच्या कोर्टाच्या तारखा नाहीत. ललित पेढे घेऊन आला. आमच्या लग्नात हसला होता तसा हसला.

मी पेढा उजव्या हाताने खाल्ला. डावा पदराखाली. सवयच पडली. मिरचीच्या कारखान्यात यंत्राच्या पट्ट्याने हा हात ओढून घेतला, तेव्हापासून वकील बजावत आले — “चारचौघांत या हाताने काही उचलू नका. मालकाची माणसं फोटो काढतात.”

१५ नोव्हेंबर
हंडा अजून एकाच हाताने आणते. समोरच्या निर्मलाबाई ओट्यावरून बघत होत्या. “केस संपनी ना ममता? आते हात बरा व्हई जाई तुन्हा.” हसून म्हणाल्या. साधं बोलल्या की टोमणा मारला? दिवसभर तेच डोक्यात.

२१ नोव्हेंबर
दवाखान्यात व्यायामाच्या मॅडमकडे गेले. म्हणाल्या, हात वापरलाच नाही म्हणून जास्त आखडलाय. वापरा, थोडा सुटेल.

घरी येऊन कडी लावली. कणीक मळली. मनगटापासून कळ गेली — पण करंगळी वाकली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हात सुटला तर लोक काय म्हणतील? खोटं बोलून भरपाई घेतली म्हणतील.

२२ नोव्हेंबर
परत मळली. कडी लावून.

३० नोव्हेंबर
मूठ वळते. घट्ट नाही, पण लाटणं धरता येतं.

आज कडी लावायची राहिली. निर्मलाबाई साखर मागायला आल्या त्या थेट आत. माझे दोन्ही हात परातीत. डावा पटकन पदराखाली ओढला. त्या वाटी खाली ठेवून शेजारी बसल्या. “मन्ही बहीनना हात बी असाच आखडना व्हता. तेल गरम करीसन चोळ, माय.” मग स्वतःच तेल तापवलं, चोळून दिलं. या बाईला मी किती घाबरत होते! जीव हलका झाला. ललितला आता सांगूनच टाकते.

१ डिसेंबर
ललितला मूठ वळून दाखवली. त्याने माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, आता हसेल.

हळूच म्हणाला, “कोर्टमा जात व्हतूत, तवय बी मूठ वळत व्हती का?”