मिरची कांडपाचा अर्ज

समरीनचे अब्बा,

तुम्ही आंघोळीला आहात आणि माझी पौडची बस चुकेल, म्हणून लिहून ठेवते. मिरची कांडपाच्या मशीनसाठी आज बँकेत कर्जाचा अर्ज द्यायचाय. गाळा ठरला. भुकूमच्या सोसायट्यांमधल्या वीसजणी मसाला आपल्याकडूनच कुटून घेऊ म्हणाल्या.

परवा बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "मशीन चालवणार कोण?" मी तुमचं नाव सांगितलं. पंधरा वर्षं मशीनवर काढलेला माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाचं सांगू?

कंपनीनं तुम्हाला काढल्याचं मला महिन्यापासून माहीत आहे. रोज डबा घेऊन तुम्ही नांद्याला नदीकाठी बसता, ते मेंढरं चारणाऱ्या राजाबाईनं पाहिलं. "वैनी, त्यास्नी कायबी बोलू नगा, लई खचल्यात," म्हणाली. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट पाहिली.

आज डबा भरलेला नाही. आधारकार्ड घेऊन अकरापर्यंत बँकेत या, अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. तिथंच कुठंतरी जेवू.

अम्मींना यातलं काही माहीत नाही. संध्याकाळी तुम्हीच सांगा. मी शेजारी बसेन.

निखत