गिरजाताईचं नाव कोणी पोचवलं

ता. ३ फेब्रुवारी १९३८, अमरावती
वकीलसाहेबांचं (व.सा.) व्याख्यान. बाईच्या मनात नसताना तिच्या अंगाला हात लावणं हा जुलूम, मग हात लावणारा नवरा का असेना. तिचा जीव, तिचा हक्क. टाळ्या. मीही वाजवल्या. पण त्यांची स्वतःची बायको चिकाच्या पडद्याआडून ऐकत होती. बाहेर का नाही बसली? बाहेर मोर्शीचा संत्रेवाला भेटला, त्याच्या गप्पांत दोन तास गेले.

ता. ५
व.सा.ना मावसबहीण गिरजाताईची हकीकत सांगितली. वय चोवीस. तेल्हाऱ्याला दिलेली. नवरा जबरदस्ती करायचा, म्हणून वर्षापासून अकोल्याला, बापाच्या फुलमळ्यात. आता पंचांपुढं नवरा काडी मोडणार. काडी मोडली की बाई सुटली. व.सा. खुर्चीत पुढं सरकले. "अकोल्याच्या सभेत बोलतील त्या?" मी म्हटलं, हो. काहून म्हटलं, देव जाणे. खूष झाले. इतके खूष कशाला?

ता. ११, अकोला
हँडबिलं घेऊन आलो. 'सौ. गिरजाबाई, तेल्हारा, स्वानुभव सांगतील.' ताई शेवंती ओवत होती. सांगणारच होतो, तेवढ्यात मोटेचा नाडा तुटला, सगळे तिकडं. राहिलं.

ता. १३
घात. जावयानं हँडबिल परत धाडलं. पाठीमागं लिहिलंय, काडी मोडत नाही, बायको नांदायले धाडा.
मावसा, ताईचे वडील, डोकं धरून बसले. तेल्हाऱ्याला पोचवलं कोणी? व.सा.चा मुनशी? छापखानेवाला? दोघंही तसलेच. दिवसभर तेच डोक्यात.
संध्याकाळी आठवलं. मोटार स्टँडवर ज्यानं ज्यानं मागितलं, त्याला देत सुटलो होतो. तेल्हाऱ्याच्या मोटारीत तर मी स्वतः चढून...

ता. १४
ताईला सांगितलं. हातातली सुई थांबली.
"मी बोलीन म्हून तुले कोनं सांगतलं?"
"तुह्या भल्यासाठीच..."
"तो बी असंच म्हने. दार लावून घेतल्यावर."
आणि पुन्हा शेवंती ओवायला लागली.

ता. १७
पंच निंबाखाली बसले. मावसांना विचारलं, जावयाला विचारलं. ताई उठून म्हणाली, "मले इचारा ना."
बुढे पंच हसले. "तुहा बाप हाये ना बसेल."
"बापाले नाही निजा लागत त्याच्यापाशी."
मावसा खाली पाहून राहिले. ताईनं कुंपणातली तुरीची काडी ओढली, सगळ्यांदेखत मोडली आणि मळ्याकडं निघून गेली. जावई ओरडला, "बाईनं मोडलेली चालत नाही!" एक पंच म्हणे चालते, चौघे म्हणे नाही. आठ दिवसांनी पुन्हा बसणार.

ता. १८
व.सा.चं पत्र. काडी मोडल्याचं कळलं, सभा होणारच, गिरजाबाईंना आणा. काडीचं त्यांच्या कानावर इतक्यात कसं गेलं? शंका येते. पत्र न लपवता ताईला वाचून दाखवलं. विचारलं, जाशील?
"जवाब आजच पायजे का तुले?"
"नाही."
"मंग बस."
बसलोय.