तुझ्या उपासांचं कौतुक

प्रिय गार्गी,

येत्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध. काल कमरीपेठेतल्या तुमच्या घरी आचारी आला आणि रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, "मुलीच्या आवडीचं काय करू?" तुझे आई-अप्पा आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी वहिनी, तुझी आई, म्हणाल्या, "साबुदाण्याची खिचडी करा. तेवढीच खायची ती." उपासाचा पदार्थ आम्ही तुझी आवड म्हणून सांगितला, गार्गी! म्हणून हे पत्र.

सोळा वर्षांची होतीस. आधी सोमवार धरलास, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, "काय भाविक पोर हो! आमच्या घोड्यांना शिकवा की काही." वहिनींचा चेहरा फुलायचा. तू देवघराकडे फिरकतही नव्हतीस, हे कुणालाच कसं दिसलं नाही?

याची सुरुवात कुठे झाली, ते मी आता मागे जाऊन शोधते. तू आठवीत होतीस. दुर्गदबैलच्या बाजारातल्या आपल्या दुकानात कापड फाडता फाडता अण्णा, म्हणजे तुझे अप्पा, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "आमच्या बाईसाहेबांना अर्धा मीटर जादाच लागतं बरं का!" सगळे हसले. मीही हसले. तूसुद्धा हसलीस, आणि आम्ही ते हसणं खरं मानलं.

माझा वाटा मात्र याहून मोठा आहे. नवनगरला माझ्याकडे जीवशास्त्र शिकायला यायचीस. एकदा विचारलंस, "आत्या, उपाशी राहिलं की शरीर आधी काय वापरतं?" किती आनंद झाला होता मला! पुस्तकाबाहेरचा प्रश्न! मी रंगीत पेनांनी आकृती काढली. आधी साठवलेली साखर, मग चरबी, मग स्नायू, असं पायरी-पायरीने समजावलं. हृदय हाही स्नायूच, हेही सांगितलं. तू सगळं नीट उतरवून घेतलंस. तीस वर्षं मुलींना शिकवणाऱ्या मला प्रश्न आवडला. तो विचारणारीचे वाळलेले हात मी पाहिलेच नाहीत.

आपल्या या कानडी गावात माणूस भेटला की पहिला प्रश्न, "ऊटा आतेनव्वा?" जेवलीस का! तू हसून "आत्रि, झालं" म्हणायचीस आणि विचारणारा पुढे जायचा. माझ्या घरी पानावर बसलीस की "साकु, आत्या, साकु!" मी ताट उचलायची. पुरे म्हणणाऱ्या मुलीला शहाणी समजायची.

तुझ्यावरही राग आहे माझा. एकदाच म्हणायचं होतंस, "आत्या, मला जेवायची भीती वाटते." पण हे म्हणणं अन्यायाचं आहे, तेही कळतं. तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं, की हा आजार माणसाला बोलूच देत नाही. त्याला नाव आहे, त्यावर उपचार आहेत, आणि वेळेत आणलेल्या मुली बऱ्या होतात. वेळेत! आम्ही तो वेळ तुझं कौतुक करण्यात घालवला.

आणि अजूनही घालवतो आहोत. तुझी धाकटी बहीण, तेरा वर्षांची अनघा, गेल्या महिन्यापासून सोमवार करते आहे. वहिनी कौतुकाने सांगतात, "अक्कासारखीच निघाली ग!" काल आचारी गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, हिला डॉक्टरांना दाखवू या."

"वन्सं, श्राद्धाच्या तोंडावर कसलं अभद्र बोलता? उपासाने कुणी मरतं का?"

अण्णाने आचाऱ्याच्या सामानाची यादी वाचायला घेतली. आणि मी? वर्गात एक शंका पाच रीतींनी सोडवणारी मी, चप्पल घालून निघून आले.

म्हणून हे वचन, गार्गी. रविवारी सगळे जमले की मी त्यांच्यासमोर सांगणार आहे: गार्गीला आजाराने नेलं. आपण त्या आजाराला भक्ती म्हणालो, आणि मी तर त्याला धडे दिले. वहिनी पुन्हा उंबरा चढू देणार नाहीत कदाचित. चालेल. अनघासाठी डॉक्टरीणबाईंकडची मंगळवारची वेळ घेतली आहे. अण्णाला कळवणार आहे, परवानगी मागणार नाही.

वाटेत अनघा काही विचारेलच. तिला मी काहीही समजावणार नाही. तिचं बोलून होईपर्यंत गप्प बसेन.

शिकवण्याच्या नादात तुला पाहायचं राहून गेलेली,
तुझी आत्या