तबिता वगळते तो शब्द

रांतेपाओ, १२ मार्च १९९४

ती. सांपेदादास,
लुदियाचा शि. सा. न.

मुलानं जे कधी हाताळलं नाही, त्याचं नाव त्याच्याकडून नुसतं वाचून घेऊ नकोस, असं मी शाळेत लागले त्या दिवशी आई म्हणाली होती. तेच अजून धरून बसलेय. माझी तिसरीची मुलं इंडोनेशियन पुस्तक घडाघडा वाचतात आणि अर्थ विचारला की छताकडे बघतात. घरी सगळे तोराजा बोलणारे, दुसरं काय होणार? म्हणून धड्याआधी चार-पाच शब्द शिकवते. वस्तू दाखवते, नक्कल करते, मग ज्यानं त्यानं स्वतःचं वाक्य करायचं. शीड म्हणजे काय ते दाखवायला माझा सारोंग काठीला बांधला, तर पोरं विचारतात, बाई, वर्ग बुडाला तर तुम्हाला पोहता येतं का!

परवाच्या धड्यात आजोबा वारतात. वारले म्हणजे जेवत नाहीत, उठत नाहीत, हाक मारली तर ओ देत नाहीत, असं मी सवयीनं सांगून गेले. आपली भाची, दामारिसची तबिता समोरच होती. तिनं उभं राहून वाक्य केलं, माझी आई वारली. सगळा वर्ग ओरडला, अगं वेडे, तुझी आई आजारी आहे, रेडे कापून निरोप दिल्याशिवाय कुणी वारतं का?

दामारिसचा श्वास थांबल्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून दक्षिणेच्या खोलीत निजवलेल्या तिच्यापुढे भात-कॉफी तबिताच ठेवायची. आता ती त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. रडतही नाही. विधीआधी रडायचं नसतं, हे आपणच शिकवलंय तिला.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी लुदिया

बालिकपापन, २ एप्रिल

चि. लुदियास,
अ. उ. आ.

लहानपणी तू कोंबडीलासुद्धा अंडं म्हणजे काय ते समजावायचीस. खोड गेली नाही तुझी! अगं, पुस्तकातला शब्द पुस्तकात ठेवावा. दामारिस आजारी आहे. तिला नीट निरोप द्यायला निदान आठ रेडे हवेत, आणि माझ्या पगारात ते दोन वर्षांआधी जमत नाहीत. दोन रेड्यांत उरकलं तर गाव म्हणेल, सांपेनं बहिणीला चोरासारखी घालवली. पोरीला सांग, बाईंचं चुकलं. विसरेल ती. तूही जिवाला जप, जेवत जा वेळेवर.

माया आहेच.
सांपेदादा

रांतेपाओ, १९ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

बाईंचं चुकलं, असं सांगून पाहिलं. तबिता म्हणाली, मावशी, मग बरोबर अर्थ सांग.

आता ती धडा वाचताना त्या शब्दापाशी थांबते, श्वास घेते आणि पुढच्या शब्दावर जाते. मुलांना वाचलेलं कळावं म्हणून इतकी वर्षं झटले. एकीला पुरतं कळलं, आणि तिला ते बोलायला या घरात जागा नाही. मीही काल दामारिसचं पांघरूण सारखं करताना, बरं वाटतंय का, असं रोजच्यासारखं विचारायला गेले आणि विचारलंच नाही.

दादा, जुलैत भात कापून झाला की आहेत त्या दोन रेड्यांत तिला जाऊ दे. गाव काय बोलायचं ते मला बोलू दे. पोरीला एकदा मोठ्यानं रडायचंय. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी रजा मागून ठेव.

तुझ्या लोभावर विसंबलेली,
लुदिया