जेवल्यावरची गोळी

औंध, ५ जून २०२४
चि. सौ. दीपमाला हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर दाजी शेजारीच असतात, म्हणून कागद घेतला. लेथवर उभं राहून त्यांना दम लागतो, रक्त कमी निघालं, हे कळल्यापासून मला चैन नाही. मोबाईलवर वाचलं की कोलेस्टेरॉलची गोळी वर्षानुवर्षं घेतली की रक्तातल्या तांबड्या पेशींचं आवरण बदलतं. मग त्या फुटणारच की! फौजेच्या दवाखान्यात उमेद गेली माझी, एवढं कळतं. दाजींची ती गोळी बंद कर आणि बीट, खजूर चालू कर. यमाईला साकडं घातलं आहे. दाजींना म्हणावं, मेव्हण्याचं ऐकलं तर एक कोंबडं माझ्याकडून.

तुझ्या काळजीत,
लालादादा

कुपवाड, १८ जुलै २०२४
ती. दादास, दीपमालाचा सा. न. वि. वि.

जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या माणसाने तुझं ऐकलं. फौजीचा हुकूम हाय, मोडायचा न्हाई, असं म्हणत गोळ्यांचं पाकीट केरात टाकलं. आमचा शिवतेज म्हणत होता, एकदा डॉक्टरांना विचारू. मीच त्याला झापलं, मामापेक्षा शहाणा झालास काय म्हणून. दम अजून लागतो, पण रक्त भरायला वेळ हा लागणारच. कोंबड्याची आठवण हे रोज काढतात. वहिनींना नमस्कार, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
दीपमाला

कुपवाड, २२ ऑक्टोबर २०२४
ती. दादास नमस्कार.

वहिनी दवाखान्यात येऊन गेल्या, तू आला नाहीस. अर्धांगाच्या झटक्यात ह्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. रक्त मूळव्याधीतून जात होतं, लाजेपोटी हे बोलले नव्हते. तुझं ते पेशींचं मी डॉक्टरांना विचारलं, सगळं झाल्यावर. ते म्हणाले, आवरण बदलतं, पण मऊ होतं असं दिसतंय, पेशी बारीक नसांतून सहज जातात. अभ्यास अजून चालू आहे म्हणे. गोळी मात्र मेंदूची शीर तुंबू देत नव्हती. तू अर्धं वाचलंस आणि मी पुरतं ऐकलं.

तेही गिळलं असतं, दादा. पण माझी समजूत घालताना वहिनी बोलून गेल्या, आमच्या ह्यांचं बरं हाय, जेवल्यावर कोलेस्टेरॉलची गोळी कवा चुकवत न्हाईत. आजही घेतात म्हणे. त्या बिचारीला आपल्या पत्रांचं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना चहा दिला.

दर भाऊबीजेला तुला ओवाळताना यमाईकडे तुझं आयुष्य मागत आले. यंदा येऊ नकोस. तुझं आयुष्य तुझी गोळी सांभाळते आहे. मला ह्यांच्यासाठी मागायचं आहे.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.
दीपमाला